अमीर अब्दुलकादिर अल-जजाइरी (रह.) : दुर्बळाचे युद्ध आणि शरीअतची मर्यादा

लष्करी इतिहासाचे ग्रंथ वाचणाऱ्याला अल्जीरियाचे अमीर अब्दुलकादिर (रह.) बहुधा पराभूतांच्या यादीत भेटतात. कॉलवेल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८९६ मध्ये छोट्या युद्धांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. वसाहतींमध्ये लढणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो पाठ्यपुस्तकासारखा वापरला. त्यात फ्रेंच मार्शल ब्यूजो हे नाव आदर्श म्हणून येते : त्याच्या हलक्या आणि वेगवान तुकड्या, टोळ्यांची धान्ये व जनावरे ताब्यात घेऊन प्रतिकार मोडण्याची त्याची रीत. ज्यांच्याविरुद्ध ही रीत वापरली गेली ते अमीर मात्र तेथे एक चपळ, हाती न लागणारा शत्रू एवढेच असतात. अशी पुस्तके युद्ध कसे जिंकावे हे शिकवितात. जिंकण्यासाठीही काय करू नये, हा प्रश्न त्यांच्या अनुक्रमणिकेत सहसा सापडत नाही.

आणि हाच प्रश्न आपल्या तरुणांच्या चर्चेत वारंवार निघतो. ज्याच्याजवळ तोफा नाहीत, खजिना नाही, किल्ले नाहीत, त्याने बलाढ्य आक्रमकाशी लढताना नियम पाळावेत काय? शत्रूच नियम पाळत नसेल तर? कोणी म्हणतो, नाइलाजात सर्व काही क्षम्य ठरते. कोणी म्हणतो, नियम ही बलवानांची चैन आहे. पुस्तकी वाद घालण्यापेक्षा ज्या माणसाने पंधरा वर्षे नेमके असेच युद्ध केले, आणि जो स्वतः दीनचा आलिम होता, त्याच्या आयुष्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

अमीर अब्दुलकादिर यांचा जन्म १८०८ मध्ये पश्चिम अल्जीरियात मस्कारा शहराजवळील गेत्ना या गावी झाला. वडील सय्यद मुहियुद्दीन हे कादिरिया सिलसिल्याचे पीर व त्या भागातील मान्यवर विद्वान होते. त्यांच्या खानकाहला मदरसा जोडलेला होता. अब्दुलकादिर यांनी लहानपणीच कुरआन मुखोद्गत केला; हदीस, फिकह आणि अरबी व्याकरणाचे शिक्षण घेतले. घोड्यावर बसण्यात ते इतके तरबेज होते की त्यांच्या शत्रूंनीही त्याची तारीफ केली आहे. १८२५ मध्ये ते वडिलांसोबत हजला निघाले. ट्युनिस, कैरो, मक्का, दमास्कस आणि बगदाद असा तो दोन-अडीच वर्षांचा प्रवास होता. बगदादला शेख अब्दुलकादिर जीलानी (रह.) यांच्या मजारवर त्यांनी हजेरी दिली. कैरोत मुहम्मद अली पाशाने उभारलेली नवी कवायती फौज आणि कारखाने त्यांनी पाहिले. मदरशाच्या आवारात वाढलेल्या या युवकाने पुढे जे राज्य उभारले, त्याचा थोडाफार नकाशा त्याने कैरोतच मनात आखला असावा, असे वाटते.

१८३० च्या जून महिन्यात फ्रेंच फौज अल्जीरियाच्या किनाऱ्यावर उतरली आणि ५ जुलैला अल्जिअर्स शहर पडले. तुर्की सत्ता कोलमडली, पण तिच्या जागी काही उभे राहिले नाही. पश्चिमेकडील टोळ्यांनी सय्यद मुहियुद्दीन यांना नेतृत्व स्वीकारण्याची विनंती केली. त्यांनी वयाचे कारण सांगून मुलाचे नाव पुढे केले. नोव्हेंबर १८३२ मध्ये ग्रीसच्या मैदानात एका झाडाखाली टोळ्यांच्या प्रमुखांनी चोवीस वर्षांच्या अब्दुलकादिर यांच्या हातावर बैअत केली. त्यांनी सुलतान ही पदवी घेतली नाही. अमीरुल मोमिनीन म्हणवून घेतले आणि मोरोक्कोच्या सुलतानाचा मान राखला.

त्यांच्या युद्धाची हकीकत सांगताना सगळी वर्षे सारखी धरता येत नाहीत. पहिल्या टप्प्यात त्यांनी लढाईपेक्षा तहाने अधिक मिळविले. १८३४ मध्ये जनरल देमिशेलशी तह झाला. तो मोडल्यावर जून १८३५ मध्ये मक्ता नदीच्या दलदलीत त्यांनी जनरल त्रेझेलच्या फौजेला गाठून शेकडो सैनिक गारद केले. ३० मे १८३७ रोजी खुद्द ब्यूजोशी तफ्ना येथे तह झाला, आणि अल्जीरियाचा मोठा अंतर्भाग अमीर यांच्याकडे आहे हे फ्रान्सने मान्य केले. त्या दोन-अडीच वर्षांच्या शांततेत त्यांनी आठ प्रांत पाडले, प्रत्येकावर खलीफा नेमला, काजी नेमले, नाणी पाडली, बंदुका बनविण्याचे कारखाने काढले. सुमारे आठ हजार पायदळ व दोन हजार घोडदळ अशी पगारी फौज उभी केली. तिचा गणवेश, वेतन, पदे, शिक्षा आणि नमाजची व्यवस्था लेखी नियमांनी बांधून दिली. म्हणजे ज्यांना इतिहासकार टोळीयुद्धाचा नायक म्हणतात, त्या माणसाला टोळीयुद्ध नको होते. त्याला राज्य हवे होते.

याच काळातील एक गोष्ट लष्करी ग्रंथांत क्वचितच येते, पण आमच्या दृष्टीने ती मक्ताच्या विजयाहून मोठी आहे. अमीर यांनी फास येथील उलमांना पत्र पाठवून प्रश्न विचारले. जे मुस्लिम आक्रमकाला धान्य व घोडे विकतात, त्याच्या बाजूने हेरगिरी करतात, त्यांच्याबाबत शरीअतचा हुकूम काय? जे लढायलाही येत नाहीत आणि मदतही देत नाहीत, त्यांच्याकडून सक्तीने कर घेता येईल काय? फासचे फकीह अली अत-तसूली (रह.) यांनी १८३७ मध्ये त्याचे सविस्तर उत्तर लिहून पाठविले. तलवार हाती असलेल्या शासकाने आपल्याच प्रजेवर ती उगारण्यापूर्वी विद्वानांना विचारावे, ही पद्धत आजच्या वाचकाला संथ वाटेल. अमीर यांना ती आवश्यक वाटली.

पुढे फ्रेंचांनीही हेच अस्त्र उलट वापरले. लेऑन रोश नावाचा एक फ्रेंच इसम इस्लाम स्वीकारल्याचे सोंग घेऊन अमीर यांच्या छावणीत चिटणीस म्हणून राहिला होता. युद्ध पुन्हा पेटल्यावर तो निसटला, आणि ब्यूजोने त्यालाच पूर्वेकडील इस्लामी केंद्रांकडे धाडले. प्रतिकार निष्फळ ठरल्यावर मुस्लिमांनी धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या परकीय सत्तेखाली शांतपणे राहावे, असा फतवा मिळवून टोळ्यांत वाटण्याची ती योजना होती. रोशने नंतर आत्मवृत्त लिहिले. ते रंजक आहे, पण स्वतःची फसवेगिरी अभिमानाने सांगणाऱ्याच्या प्रत्येक ओळीवर विश्वास ठेवणे कठीण.

ऑक्टोबर १८३९ मध्ये फ्रेंच राजपुत्राने फौज घेऊन अमीर आपला समजत असलेल्या मुलखातून कूच केले. अमीर यांच्या लेखी तह मोडला. त्यांनी फ्रेंच गव्हर्नरला पत्र लिहून युद्धाची पूर्वसूचना दिली. पण पत्रापाठोपाठ नोव्हेंबरमध्ये त्यांच्या बाजूच्या टोळ्या अल्जिअर्सलगतच्या मितीजा मैदानावर तुटून पडल्या. तेथील वसाहतवाल्यांची शेते जाळली गेली आणि अनेक जण मारले गेले. शेतकरी असले तरी ते बळकावलेल्या जमिनीवर बसलेले होते, असा बचाव केला जातो. जमीन परत घेण्याचा हक्क निर्विवाद आहे. घरात सापडलेल्या माणसाला मारण्याचा हक्क त्यातून निघत नाही, आणि अमीर यांच्या चरित्रकाराने हे पान घाईने उलटू नये.

१८४१ पासून ब्यूजो गव्हर्नर झाला. तो नेपोलियनच्या काळात स्पेनमध्ये लढला होता. तेथील शेतकऱ्यांच्या लहान टोळ्यांनी फ्रेंच फौजेला कसे रक्तबंबाळ केले, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. युरोपने अशा युद्धाला दिलेले नावही स्पॅनिश भाषेतूनच आले. (आपल्या मराठीतील गनिमी कावा हा शब्द पाहावा : त्यातला गनीम फारसीतून आलेला. दख्खनमध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने मराठा बारगीरांच्या साथीने मोगलांविरुद्ध ही रीत अमीर यांच्या दोनशे वर्षे आधी चालविली होती.) स्पेनमध्ये जे सोसले तेच अल्जीरियात उलटविण्याचे ब्यूजोने ठरविले. जड तोफा आणि लांबलचक रसदगाड्या सोडून त्याने हलक्या तुकड्या केल्या. पण त्याचे खरे शस्त्र बंदूक नव्हे, उपासमार होते. अरब टोळ्या आपले धान्य जमिनीखालच्या पेवांत साठवीत. फ्रेंच शिपाई बंदुकीच्या गजांनी आणि संगिनींनी जमीन ठोकीत चालत आणि पोकळ आवाज आला की पेव उघडत. उभी पिके जाळली जात, फळझाडे तोडली जात, मेंढरांचे कळप हाकून नेले जात. टोळीच्या पुरुषांना युद्धात गाठता येत नसेल, तर तिच्या मुलांना हिवाळ्यात उपाशी ठेवावे, म्हणजे पुरुष आपोआप शरण येतात, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. १८४६ पर्यंत अल्जीरियातील फ्रेंच फौज एक लाखावर गेली.

येथे वाचकाने पहिले खलीफा हजरत अबूबक्र (रजि.) यांनी सीरियाकडे निघालेल्या फौजेला दिलेल्या आज्ञा आठवाव्यात. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना मारू नये. फळझाडे तोडू नयेत. वस्ती उजाड करू नये. खाण्याच्या गरजेखेरीज जनावरे मारू नयेत. मठात बसलेल्या साधूंना हात लावू नये. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या आज्ञांपैकी एकेक ब्यूजोच्या युद्धपद्धतीने जणू यादी समोर ठेवून मोडली. दिव्य कुरआनने लढणाऱ्याशी लढण्याची परवानगी देतानाच मर्यादा ओलांडण्याची मनाई केली आहे, आणि ही मनाई शत्रूच्या वर्तनावर अवलंबून ठेवलेली नाही. अमीर यांनी हे सारे मदरशात शिकलेले होते. आता ते उपाशी टोळ्यांच्या मध्यावर, पळत्या छावणीत पाळायचे होते.

त्यांनी पहिला हात घातला तो मुंडकी तोडण्याच्या प्रथेला. शत्रूचे शिर आणणाऱ्याला बक्षीस द्यायचे, ही तुर्की अमदानीपासून चालत आलेली रीत होती आणि त्यांच्या लढवय्यांच्या अंगवळणी पडली होती. अमीर यांनी तिच्या जागी नवा नियम केला : बक्षीस जिवंत कैदी आणणाऱ्याला मिळेल, आणि कैद्याला वाटेत छळल्याचे आढळले तर काहीच मिळणार नाही. हा नियम सोपा दिसतो. पण ज्याच्या भावाला काल फ्रेंचांनी मारले त्याच्या हातून आज फ्रेंच शिपाई सुखरूप छावणीत आणवायचा, हे काम फर्मानाने होत नसते. म्हणून त्यांनी ते पैशाने आणि शिक्षेने केले. पकडलेल्या स्त्रियांची जबाबदारी त्यांच्या मातोश्री लाला जोहरा यांनी स्वतःच्या तंबूत घेतली. कैद्यांना जे अन्न मिळे ते शिपायांनाही मिळणारेच असे, आणि कधीकधी ते कोणालाच पुरत नसे. खायला घालता येईना तेव्हा कैद्यांना बिनशर्त सोडून दिल्याचेही प्रसंग घडले.

अल्जिअर्सचे बिशप द्युपूश यांच्याशी झालेला पत्रव्यवहार या संदर्भात प्रसिद्ध आहे. एका फ्रेंच कैद्याच्या पत्नीच्या विनवणीवरून बिशपने अमीर यांच्याकडे त्या एका माणसाची सुटका मागितली. अमीर यांनी उत्तरात बिशपला सौम्य शब्दांत दोष दिला. धर्मगुरूने एकट्यासाठी का मागावे, सर्व ख्रिस्ती कैद्यांसाठी मागायला हवे होते. आणि फ्रेंचांच्या तुरुंगात खितपत पडलेल्या मुस्लिमांसाठीही त्याने तेवढीच धडपड करायला हवी होती, असा त्या पत्राचा आशय होता. बिशपला ते लागले. मे १८४१ मध्ये दोन्ही बाजूंच्या कैद्यांची अदलाबदल झाली. पुढे अमीर यांनी कैद्यांच्या प्रार्थनेसाठी एक पाद्री छावणीत पाठवावा, अशीही विनंती केली. फ्रेंच सेनापतींना हा सारा प्रकार अडचणीचा वाटू लागला, हे समजण्यासारखे आहे. ज्याला रानटी म्हणायचे त्याच्या छावणीतून परतलेला शिपाई त्याचे गुण गात असेल, तर युद्ध चालवायचे कसे?

आता त्यांच्यापाशी शहर उरले नव्हते. मे १८४१ मध्ये तागदम्तचा किल्ला गेला. त्यानंतर त्यांची राजधानी म्हणजे तंबूंचे एक चालते शहर होते. त्याला जमाला म्हणत. त्यात हजारो कुटुंबे, जनावरे, कारागीर, खजिना आणि अमीर यांचे ग्रंथालय होते. हस्तलिखिते जमविण्याचा त्यांना ध्यास होता. ग्रंथ सुरक्षित आणून देणाऱ्याला ते इनाम देत आणि ग्रंथाची नासधूस करणाऱ्या शिपायाला शिक्षा करीत. १६ मे १८४३ रोजी, ते दूर असताना, राजपुत्र द्यूक दोमालच्या घोडदळाने जमालावर अचानक झडप घातली. हजारो माणसे पकडली गेली. ग्रंथ लुटीत फाटले. परतणाऱ्या फ्रेंच तुकडीचा मार्ग अमीर यांना वाटेत विखुरलेल्या पानांवरून कळत गेला, असे चरित्रकार सांगतात. या विजयाचे ओरास व्हेर्ने याने वीस मीटरहून लांब चित्र काढले आणि ते व्हर्सायच्या राजवाड्यात लागले. तंबूंतून सैरावैरा पळणाऱ्या बायकामुलांचे ते चित्र शौर्याचे चित्र म्हणून पाहिले गेले.

ऑगस्ट १८४४ मध्ये इस्लीच्या लढाईत मोरोक्कोची फौज हरली आणि अमीर यांचा मागचा आसराही डळमळला. पुढच्या वर्षी जूनमध्ये दाहरा डोंगरात, दुसऱ्याच एका उठावाच्या वेळी, कर्नल पेलिसिएच्या तुकडीने उलाद रियाह टोळीला एका गुहेत कोंडले आणि गुहेच्या तोंडाशी रात्रभर आग पेटती ठेवली. आत पाचशेहून अधिक माणसे, त्यांत बायका व दूधपिती मुले, धुराने गुदमरून मेली. पॅरिसच्या सभागृहात याची निंदा झाली. ब्यूजोने मात्र आपल्या अधिकाऱ्याची पाठराखण केली, आणि पेलिसिए पुढे मार्शल झाला.

याच वातावरणात अमीर यांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद घटना घडली. सप्टेंबर १८४५ मध्ये सिदी ब्राहीम येथे त्यांनी एक फ्रेंच तुकडी जवळजवळ नष्ट केली. त्यानंतर लगेच आणखी एक तुकडी न लढताच शरण आली. कैद्यांची संख्या तीनशेच्या आसपास गेली. त्यांना मोरोक्कोच्या हद्दीतील छावणीत ठेवून अमीर स्वतः शेकडो कोस आत, अल्जीरियात लढत होते. छावणी त्यांचे मेहुणे व खलीफा मुस्तफा बिन तहामी यांच्या ताब्यात होती. अन्न संपत आले होते. मोरोक्कोचे लोक कैदी हिसकावून नेतील अशी धास्ती होती. अदलाबदलीच्या प्रस्तावांना फ्रेंचांनी दाद दिली नाही, असे अमीर यांच्या बाजूचे चरित्रकार सांगतात. एप्रिल १८४६ च्या अखेरीस एका रात्री त्या कैद्यांची कत्तल करण्यात आली. मोजके अधिकारी वेगळे ठेवलेले असल्याने वाचले आणि नोव्हेंबरमध्ये मेलिल्याच्या स्पॅनिश ठाण्यामार्फत सुटले.

अमीर तेथे नव्हते. आदेश त्यांच्या गैरहजेरीत दिला गेला, असेच बहुतेक इतिहासकार मानतात.  पण शरीअतच्या दृष्टीने प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. हाती आलेला कैदी ही अमानत असते. कुरआनने कैद्याला अन्न देणे हे नेकांचे लक्षण सांगितले आहे, आणि बद्रच्या कैद्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या साहाबींनी स्वतः खजूर खाऊन भाकरी खाऊ घातली होती. शत्रूने गुहेत धूर सोडला म्हणून कैद्याचा गळा कापणे हलाल होत नाही. कारण गुहेसमोर आग लावणारे हात त्या कैद्यांचे नव्हते. मुस्तफा बिन तहामी पुढे बंदिवासातही अमीर यांच्यासोबतच राहिले. आपल्या महापुरुषाचे चरित्र लिहिताना हा अध्याय गाळणारे लेखक त्यांच्यावर उपकार करीत नाहीत. अमीर यांनी जो नियम स्वतः घालून दिला होता, त्याच मापाने ही घटना मोजली जाते, आणि त्या मापात ती अपराध ठरते.

लष्करी इतिहासाच्या वाचकाला आणखी एक गोष्ट येथे दिसेल. विखुरलेल्या युद्धात सेनापतीची नजर सर्वत्र पोहोचत नाही. नियमित फौजेत हुकूम वरून खाली जातो. टोळीयुद्धात दूरच्या छावणीत कोण कोणता निर्णय घेईल हे नेत्याला महिनाभराने कळते. म्हणून अशा युद्धाचा नेता कितीही परहेजगार असला, तरी युद्धाची रीतच त्याच्या नावावर असे डाग पाडण्याची शक्यता वाढविते. अमीर यांनी आधी राज्य, काजी आणि लेखी नियम यांचा इतका आग्रह का धरला, हे या घटनेनंतर अधिक समजते.

डिसेंबर १८४७ मध्ये पुढे फ्रेंच आणि मागे मोरोक्कोचे सैन्य अशा कोंडीत ते सापडले. एकट्याने निसटून वाळवंटात जाणे त्यांना शक्य होते. पण छावणीतील स्त्रिया, मुले आणि जखमींचे काय झाले असते? त्यांनी सरदारांचा सल्ला घेतला आणि जनरल लामोरिसिएरकडे शरणागतीची अट पाठविली : आपल्याला कुटुंबीय व साथीदारांसह अलेक्झांड्रिया किंवा अक्का येथे जाऊ द्यावे. लामोरिसिएरने वचन दिले आणि तोवर अल्जीरियाचा गव्हर्नर झालेल्या द्यूक दोमालने ते मान्य केले. जहाज मात्र तूलाँला गेले. वचन मोडले गेले. तूलाँ, पो आणि मग आंब्वाजचा गढीवाडा असा जवळजवळ पाच वर्षांचा बंदिवास त्यांना भोगावा लागला. आंब्वाजच्या बागेत त्यांच्या पंचवीस साथीदारांच्या व कुटुंबीयांच्या कबरी आहेत. ऑक्टोबर १८५२ मध्ये लुई नेपोलियनने स्वतः येऊन सुटकेची घोषणा केली. अमीर यांनी पुन्हा अल्जीरियात शस्त्र न उचलण्याचा शब्द दिला. ज्यांनी त्यांना दिलेला शब्द मोडला होता, त्यांनाच दिलेला हा शब्द त्यांनी मरेपर्यंत पाळला. १८७१ च्या उठावात त्यांचा एक मुलगा सामील झाला, तेव्हाही त्यांनी त्याला पाठिंबा दिला नाही. यासाठी, आणि फ्रान्सकडून मिळणाऱ्या निर्वाहवेतनासाठी, काहींनी त्यांना दोष दिला आहे. करार पाळणे हा ईमानचा भाग मानणाऱ्याला दुसरा मार्ग कोणता होता, हे दोष देणाऱ्यांनी सांगितलेले नाही.

तुर्कस्तानातील बुर्सा येथे काही काळ राहून १८५५ मध्ये ते दमास्कसला आले. उमय्या मशिदीत ते दर्स देत, शेख इब्न अरबी (रह.) यांचे ग्रंथ शिकवीत. त्यांच्यामागून अनेक अल्जीरियन कुटुंबेही येऊन वसली होती. १८६० च्या उन्हाळ्यात लेबनॉनच्या डोंगरात दुरूज आणि ख्रिस्ती यांच्यात रक्तपात सुरू झाला. त्याची झळ दमास्कसला लागणार हे ओळखून अमीर यांनी उस्मानी गव्हर्नरला वेळीच सावध केले, दुरूज सरदारांना पत्रे लिहिली. उपयोग झाला नाही. ९ जुलैला जमाव ख्रिस्ती मोहल्ल्यात घुसला. जाळपोळ आणि कत्तल अनेक दिवस चालली. शहराच्या मैदान भागातील काही मुस्लिम प्रमुखांनी आपापल्या गल्ल्यांत ख्रिस्ती कुटुंबांना आसरा दिला. पण सर्वांत मोठा आसरा अमीर यांचा ठरला. त्यांचे जुने मगरिबी लढवय्ये रात्रंदिवस जळत्या गल्ल्यांतून माणसे बाहेर काढीत राहिले. घर भरले, अंगण भरले, तेव्हा लोकांना टप्प्याटप्प्याने किल्ल्यात पोहोचविले. परदेशी वकिलातींचे अधिकारी, जोगिणी, अनाथ मुले, कारागीर, एकूण हजारो जीव वाचले. जिवंत माणूस सुखरूप आणून देणाऱ्याला त्यांनी रोख बक्षीस लावले. मस्काराच्या तरुण अमीरने जी युक्ती युद्धकैद्यांसाठी काढली होती, तीच वीस वर्षांनी येथे पुन्हा उपयोगी पडली.

जमाव दारावर आला आणि ख्रिस्ती लोकांना ताब्यात देण्याची मागणी करू लागला. ज्याने पंधरा वर्षे ख्रिस्ती फौजांशी युद्ध केले त्याने ख्रिस्ती माणसांना आसरा द्यावा, हे त्या लोकांना कळेना. अमीर यांनी दार उघडून त्यांना समोर गाठले. आपण त्या वेळी आक्रमकाशी लढत होतो, आणि हे लोक तर राज्याच्या संरक्षणातील निःशस्त्र रहिवासी आहेत. त्यांना मारणे हा जिहाद नसून गुन्हा आहे, असे त्यांनी बजावले आणि आपल्या माणसांना बंदुका सज्ज ठेवायला सांगितल्या. जमाव पांगला.

त्यानंतर युरोपच्या राजांनी त्यांना पदके पाठविली. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्याकडून पिस्तुलांची जोडी आली. ज्या फ्रान्सने शब्द मोडून त्यांना कोंडले होते, त्याने आपला सर्वोच्च किताब दिला. युद्धातील जखमींच्या रक्षणाचा पहिला जिनिव्हा करार व्हायला अजून चार वर्षे होती. या सगळ्या मानसन्मानांपेक्षा एक पत्र मात्र वेगळे होते. ते रशियातील कालुगा गावातून आले होते. लिहिणारे होते कॉकेशसचे इमाम शामिल (रह.). त्यांनीही पंचवीस वर्षे डोंगरांतून रशियाशी असेच विषम युद्ध केले होते आणि आदल्याच वर्षी शरण जाऊन ते बंदिवान झाले होते. दमास्कसची बातमी ऐकून आपल्याला समाधान वाटले, निःशस्त्र व संरक्षित लोकांवर हात टाकणाऱ्या मुस्लिमांनी प्रेषितांची (स.) शिकवण पायदळी तुडविली आणि अमीर यांनी ती जिवंत केली, असे त्यांनी कळविले. अमीर यांनी उत्तर लिहिले. आपण शरीअत आणि माणुसकीने घातलेले कर्तव्यच केले, यात स्तुतीसारखे काही नाही, असे सांगून त्यांनी सत्याच्या बाजूने उभे राहणारे किती थोडे उरले आहेत, याविषयी खंत व्यक्त केली.

इमाम शामिल पुढे हजला गेले आणि १८७१ मध्ये मदीना मुनव्वरा येथे वारले. अमीर अब्दुलकादिर २६ मे १८८३ रोजी दमास्कसमध्ये अल्लाहला प्यारे झाले आणि इब्न अरबी (रह.) यांच्या शेजारी दफन झाले. स्वतंत्र अल्जीरियाने १९६६ मध्ये त्यांचे अवशेष सन्मानाने मायदेशी नेले.